कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात फोकस बसत नाही? आधी या चुका टाळा

फोटो धूसर आला की पहिला आरोप फोकसवर होतो. कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याच्या बाबतीत तो बऱ्याचदा चुकीचा असतो. म्हणून सेटिंग बदलण्याआधी किंवा कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी एक काम करा: बिघडलेला फोटो डिलीट करू नका. तो कॉम्प्युटरवर उघडा, शंभर टक्के मोठा करा आणि नीट बघा. नेमकं काय चुकलं, ते त्या फोटोतच दिसतं.

ज्याचा फोटो काढायचा होता तो माणूस धूसर, पण त्याच्या मागचं झाड किंवा पुढची खुर्ची स्वच्छ दिसत असेल, तर फोकस खरंच चुकला आहे. तो भलत्या ठिकाणी बसला. फोटोत काहीच स्वच्छ नसेल आणि दिव्यांचे ठिपके, पानांच्या कडा सगळ्या एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर हात हलला. भिंत, टेबल, पडदे ठीक, पण धावणारं मूल तेवढं पुसट असेल, तर शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याची वेळ, मुलाच्या मानाने मंद पडलं. सगळ्या चित्रावर धुरकट पडदा असेल आणि दिव्यांभोवती वलयं असतील, तर लेन्सची काच मळली आहे किंवा तिच्यावर बाष्प धरलं आहे. आणि कडा जागेवर आहेत पण केस, गवत, कापडाचं विणकाम लोण्यासारखं गुळगुळीत झालंय, तर ते वाढलेल्या आयएसओचं (प्रकाशाला दिलेल्या संवेदनशीलतेचं) आणि कॅमेऱ्याने केलेल्या नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, कमी करण्याच्या प्रक्रियेचं काम. या पाच दोषांपैकी फोकसचा दोष एकच. उरलेल्या चारांवर फोकसच्या सेटिंगशी कितीही झटापट केली तरी फरक पडणार नाही.

असं होण्याचं कारण सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, आकारात आहे. बहुतेक साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. इतक्या लहान सेन्सरमुळे झूम न करता, म्हणजे वाइड टोकाला, दीड मीटरवर फोकस बसला तरी साधारण पाऊण मीटरपासून थेट क्षितिजापर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तिथे फोकस थोडा चुकला तरी कळतही नाही. त्यामुळे दिवसाउजेडी वाइड टोकाला काढलेला निसर्गाचा फोटो पूर्ण धूसर आला, तर संशय आधी लेन्सच्या काचेवर आणि शटरवर घ्या. झूम ताणला की मात्र चित्र पालटतं. दहापट झूमवर तीन मीटर अंतरावरच्या माणसाचा फोटो काढताना स्पष्टतेचा पट्टा जेमतेम पाव मीटर उरतो. तिथे फोकसला चुकायला जागा नाही. एक इंची सेन्सरच्या, मोठं अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) असलेल्या महागड्या कॉम्पॅक्टमध्ये हा पट्टा आणखी अरुंद होतो. साध्या कॅमेऱ्यावरून अशा कॅमेऱ्यावर आलेले लोक म्हणूनच सुरुवातीला गोंधळतात.

बटण एका दमात दाबणं

खरोखर फोकसच चुकलाय असं ठरलं, तर सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक ही आहे. शटरच्या बटणाला दोन टप्पे असतात. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस आणि उजेड मोजून पक्का करतो. पूर्ण दाबलं की फोटो निघतो. एका झटक्यात खालपर्यंत दाबलं तर काही कॅमेरे फोकस पूर्ण होण्याची वाट न बघताच फोटो घेतात. वर त्या झटक्याने हातही हलतो, म्हणजे एकाच चुकीत दोन दोष.

अर्धं दाबा आणि थांबा. बहुतेक कॅमेऱ्यांत चौकट हिरवी होते आणि बीप वाजतो. चौकट लाल किंवा पिवळी राहिली, लुकलुकली, तर कॅमेरा सांगतोय की जमलं नाही. तरीही पूर्ण दाबलं तर बरेच कॅमेरे निमूटपणे फोटो काढून देतात, आणि तो धूसरच येतो. बीपचा त्रास होतो म्हणून आवाज बंद केला असेल तर निदान चौकटीच्या रंगावर लक्ष ठेवा.

आणखी एक गोष्ट हिरव्या चौकटीबद्दल. तिचा अर्थ 'काहीतरी फोकसमध्ये आलं' एवढाच. 'तुम्हाला हवं ते आलं' असा नाही. चौकट कुठे उमटली आहे ते बघितल्याशिवाय बोट पुढे दाबू नका.

कशावर फोकस करायचा हे कॅमेऱ्यावर सोडणं

ऑटो मोडमध्ये कॅमेरा फ्रेममधले अनेक भाग तपासतो आणि बहुधा जे जवळ आहे किंवा ज्याच्या कडा ठळक आहेत त्याला धरतो. फांदीआडचा पक्षी, जाळीमागचं मांजर, गर्दीतला एक चेहरा यातलं तुमच्या मनात काय आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. तो फांदी पकडतो, जाळी पकडतो.

माझं मत स्पष्ट आहे: चेहरे नसलेल्या कुठल्याही फोटोसाठी फोकसची चौकट मध्यभागी एकच ठेवावी आणि शक्य असेल तर लहान करावी. मेनूमध्ये हा पर्याय 'सेंटर', 'स्पॉट' किंवा 'एक बिंदू' अशा नावाने असतो. हवी ती वस्तू मध्यावर धरा, बटण अर्धं दाबा, हिरवं झालं की बोट तसंच ठेवून फ्रेम हवी तशी सरकवा आणि मग पूर्ण दाबा. माणसांसाठी चेहरा ओळखण्याची सोय चालू ठेवा. ती खरोखर उपयोगी आहे. फक्त चेहरा खूप तिरका, सावलीत किंवा टोपीखाली असेल तर तिच्यावर विसंबू नका.

अर्धं बटण दाबून फ्रेम सरकवण्यात दोन अडचणी आहेत. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकसबरोबर उजेडाचं मोजमापही पक्कं होतं, म्हणून खिडकीवर चौकट धरून मग माणसाकडे वळलात तर माणूस काळवंडतो. दुसरी अडचण मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून फोटो काढताना येते: एकदा फोकस पक्का झाल्यावर तुम्ही दोन सेंटिमीटर पुढे झुकलात तरी सगळं फिसकटतं. फूल, कीटक, नाणं असे फोटो काढताना आधी फ्रेम ठरवा, चौकट त्या जागी सरकवा आणि मगच फोकस करा.

फोकसला धरायला काहीच न देणं

कॅमेरा फोकस कसा करतो हे एकदा समजलं की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात. साधा डिजिटल कॉम्पॅक्ट अंतर मोजतच नाही. तो लेन्स सरकवत राहतो आणि दर जागी चित्रातल्या उजेड-अंधाराच्या कडा किती ठळक आहेत ते तपासतो. ठळकपणा वाढत जातो, एका जागी सर्वांत जास्त होतो आणि मग उतरू लागतो. उतरू लागला की लेन्स मागे येऊन त्या सर्वोच्च जागी थांबते. कडाच नसतील, तर तपासणार काय? कोरी भिंत, निरभ्र आकाश, धुकं, एकरंगी कापड, अंधारी खोली अशा ठिकाणी लेन्स पुढेमागे होत राहते आणि शेवटी हार मानते. कॅमेरा बिघडलेला नसतो.

उपाय सोपा आहे. तेवढ्याच अंतरावरची एखादी कड शोधा: कपड्याची कॉलर, दाराची चौकट, भिंत आणि छत मिळतात ती रेघ. तिच्यावर फोकस पक्का करा आणि मग फ्रेम सरकवा. नुसत्या आडव्या रेघांवर फोकस अडत असेल तर कॅमेरा उभा धरून बघा. काही कॅमेरे एका दिशेच्या रेघा दुसरीपेक्षा सहज धरतात.

जुन्या फिल्मच्या काही कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची रीत वेगळी होती. मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला ऑटोफोकस कॉम्पॅक्ट, कोनिका सी३५ एएफ, १९७७ साली आला आणि १९७९ च्या कॅनन एएफ३५एम मध्ये अवरक्त किरण सोडून अंतर काढण्याची सोय होती. त्या किरणांना बाहेरच्या उजेडाची गरज नव्हती, पण समोर काच आली की ते फसायचे. आजच्या कॅमेऱ्यांचं बरोबर उलटं आहे. काचेपलीकडचं त्यांना दिसतं, पण अंधारात ते चाचपडतात.

काचेतून फोटो काढताना लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, नाहीतर काचेवरचे डाग आणि प्रतिबिंबं फोकस पळवतात. दूरच्या डोंगरासाठी, आतषबाजीसाठी किंवा चंद्रासाठी डोंगराचं चिन्ह असलेला मोड असेल तर तो लावा. त्यात लेन्स दूरवर स्थिर राहते आणि शोधाशोध थांबते.

अंधारात मदत करायला बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुढच्या बाजूला एक छोटा दिवा असतो. तो मेनूतून बंद झालेला नाही ना, आणि पकडताना त्याच्यावर तुमचंच बोट येत नाही ना, हे बघा. त्याची मजल काही मीटरच असते, त्यामुळे सभागृहाच्या मागच्या रांगेतून मंचावरच्या कार्यक्रमासाठी तो कामाचा नाही.

फार जवळ जाणं, आणि मॅक्रो तसाच राहणं

प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं आणि ते झूमबरोबर बदलतं. वाइड टोकाला मॅक्रो मोडमध्ये कॅमेरा पाच सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. तोच कॅमेरा झूम पूर्ण केल्यावर एक मीटरच्या आत फोकसच करू शकत नाही. लोक फूल मोठं दिसावं म्हणून झूम करतात आणि फुलाजवळही जातात. दोन्ही एकत्र जमत नाही. एकतर झूम पूर्ण मागे घेऊन फुलाचं चिन्ह असलेला मोड लावा आणि जवळ जा, नाहीतर दोन पावलं मागे येऊन झूम करा. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत दोन्ही टोकांची किमान अंतरं दिलेली असतात. ती पाठच करून टाका.

आणि मॅक्रोचं काम झालं की तो मोड बंद करा. काही कॅमेऱ्यांत मॅक्रो चालू असताना दूरचा फोकस बसत नाही, काहींत बसतो पण लेन्सला लांबचा प्रवास करावा लागल्याने उशीर होतो. 'कालपर्यंत ठीक होता, आज अचानक फोकस होत नाही' अशी तक्रार असेल तर स्क्रीनवर ते फुलाचं चिन्ह आहे का, ते सर्वांत आधी तपासा.

सेल्फ टायमरची गंमत अशी की बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकस बटण दाबताच पक्का होतो, फोटो निघताना नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहून बटण दाबलंत तर फोकस तुमच्या अंगठ्याच्या आसपास बसतो आणि मागची माणसं धूसर येतात. नेहमी कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून, ग्रुपवर चौकट धरून बटण दाबा.

फोकस ठीक असूनही फोटो बिघडवणाऱ्या गोष्टी

हात हलण्याचा साधा नियम असा: लेन्सचं ३५ मिमी समतुल्य फोकल लेन्थ (झूम किती ते सांगणारा, ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापातला आकडा) जितकं, शटर निदान तितक्या अंशाचं हवं. २५० मिमीला १/२५० सेकंद. थरथर रोखणारी यंत्रणा यात बरीच सूट देते, पण ती फक्त तुमच्या हातासाठी. समोरचं मूल धावत असेल तर ती काहीच करू शकत नाही. तिथे १/५०० च्या आसपासचं शटर लागतं. फोटोच्या माहितीत शटरचा आकडा नोंदलेला असतो. धूसर फोटोचा आकडा १/८ निघाला तर फोकसवर वेळ घालवू नका.

डिजिटल झूम बंद ठेवा. तो चित्र नुसतं ताणतो, नवा तपशील आणत नाही. अॅपर्चर हाताने बदलता येत असेल तर छोट्या सेन्सरवर एफ/८ इतक्या बारीक छिद्रापर्यंत जाऊ नका; विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळं चित्र थोडं मऊ पडतं.

व्ह्यूफाइंडरमध्येच (डोळा लावून बघायच्या खिडकीत) सगळं धूसर दिसतंय पण फोटो चांगले येतात? मग फोकसचा संबंध नाही. व्ह्यूफाइंडरशेजारची डायऑप्टरची छोटी चकती तुमच्या नजरेप्रमाणे फिरवा. याच्या उलटही घडतं: मागच्या छोट्या स्क्रीनवर प्रत्येक फोटो छान दिसतो, धूसर असला तरी. महत्त्वाचा फोटो काढल्यावर तिथल्या तिथे मोठा करून फोटोतल्या माणसाचे डोळे स्पष्ट आहेत का ते तपासा.

काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग स्वच्छ मायक्रोफायबर कापड गोलाकार फिरवा. शर्टाचं टोक किंवा टिश्यू पेपर वापरू नका. गार खोलीतून दमट, उष्ण हवेत जाताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवून तापमान जुळू द्या.

आणि तरीही शंका राहिलीच तर

बॅटरी पूर्ण चार्ज करा, सेटिंग मूळ स्थितीवर आणा. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा टेबलावर पानाला अगदी समांतर ठेवा, भरपूर उजेडात दोन सेकंदांच्या टायमरने वाइड टोकाला, मध्ये आणि पूर्ण झूमवर काही फोटो काढा. दर फोटोआधी फोकस नव्याने करा. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असणं स्वाभाविक आहे. पण एकच बाजू सतत धूसर येत असेल, तर लेन्सच्या आतली भिंगं जागेवरून सरकली आहेत. पडलेल्या कॅमेऱ्यात हे हमखास दिसतं. भरपूर उजेडात, ठळक अक्षरांवरही चौकट हिरवी होत नसेल किंवा लेन्स करकरत अडकत असेल, तर यंत्रणेतच दोष आहे. अडकलेली लेन्स हाताने ओढू किंवा ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात.

दुरुस्तीला देताना हे चाचणीचे मूळ फोटो काटछाट न करता कार्डवर ठेवून द्या आणि दोष कोणत्या झूमवर, किती अंतरावर येतो ते कागदावर लिहून सोबत जोडा. 'फोकस होत नाही' एवढंच सांगितलं तर तंत्रज्ञ टेबलावर एक फोटो काढून बघतो, तो नीट येतो आणि कॅमेरा तसाच परत मिळतो.