फॉरमॅट करणारा हात आवरा: लग्नाच्या डेटाबाबत या चुका टाळा

तुळशीचं लग्न झालं की आम्हा फोटोग्राफरांची लग्नसराई सुरू होते, आणि महिना सरायच्या आत पहिला फोन येतोच. "दादा, मेमरी कार्ड चुकून फॉरमॅट झालंय, काय करू?" चुकून म्हणजे घाईत, हे मी आता विचारतसुद्धा नाही. कार्ड कॅमेऱ्यातून काढ, त्यावर एकही फोटो काढू नकोस, घरी जाऊन फोटोरेक हे पुसलेले फोटो परत काढायचं सॉफ्टवेअर चालव, एवढं सांगून फोन ठेवतो. साध्या फॉरमॅटने बहुतेक कॅमेऱ्यांत फक्त फोटोंची यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात. पण त्यावर पुन्हा शूट केलंत तर जेवढं नवं लिहिलं तेवढं जुनं कायमचं गेलं.

हे मला कुणी शिकवलं नाही. 2016 साली मिरजेच्या एका कार्यालयात स्वतःच्या खर्चाने शिकलो. दोन कार्डं, दोन्ही 64 जीबीची, एकाच रंगाची, वर नंबर नाही. मुहूर्त दुपारचा, रिसेप्शन संध्याकाळी. तेव्हा रिसेप्शनला स्क्रीनवर सकाळच्या लग्नाचा स्लाइड शो लावायची हौस आली होती. मी जेवायला बसलो आणि बरोबरच्या पोराला सांगितलं, "दोन्ही कार्डं लॅपटॉपवर घे आणि खाली कर." त्याने एकच कार्ड दोनदा कॉपी केलं. विंडोजने विचारलं, या नावाच्या फायली आधीच आहेत, बदलू का? त्याने 'हो' दाबलं. मग दोन्ही कार्डं फॉरमॅट केली आणि एक माझ्या कॅमेऱ्यात घातलं. नेमकं न उतरलेलं.

रिसेप्शनचे चारशे-एक फोटो काढले आणि रात्री घरी येऊन फोल्डर उघडलं. हळद होती, सीमांतपूजन होतं, पुढचं काही नव्हतं. रात्रभर रिकव्हरी चालवली. कार्डाच्या शेवटाकडचं परत आलं: सप्तपदी, पाठवणी, रडारड सगळी. सुरुवातीचं रिसेप्शनखाली गाडलं गेलं होतं, आणि त्या कार्डाची सुरुवात होती मंगलाष्टकांची. मुलीचे वडील ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अंतरपाट धरलेला एकही नाही?" शेवटी पाहुण्यांच्या मोबाइलवरून सात फोटो गोळा केले. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, त्यामुळे अल्बममध्ये पोस्टकार्डाएवढेच छापता आले. उरलेले पैसे मी मागितले नाहीत.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी ऐकून नवी पोरं हसतात. प्रत्येक कार्डावर मार्करने नंबर. रिकामी कार्डं शर्टाच्या खिशात, भरलेली पँटच्या चेनच्या खिशात, आणि तो खिसा घरी येईपर्यंत उघडायचा नाही. कार्यालयात कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कुणीही, कोणत्याही कारणाने. फॉरमॅट पुढच्या लग्नाच्या सकाळी, मीच करतो, तेही कॅमेऱ्यात, दोन कॉपी तपासल्यावर. कार्डं कमी पडतात म्हणणाऱ्यांनी आपल्या नव्या लेन्सची किंमत आठवावी. आणि हल्ली ज्यांना वरात दारात पोचायच्या आत रील टाकायची असते, त्यांनी त्यासाठी वेगळा मोबाइल धरणारा माणूस ठेवावा. मुख्य कार्डाला हात लावू नये.

कट-पेस्ट करायचंच नाही, कायम कॉपी. कॉपी झाल्यावर फायलींची संख्या आणि एकूण साइज जुळवा. मी टेराकॉपी या फायली कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय लावून झोपतो. आणि छोटी थंबनेल दिसली म्हणून खूश होऊ नका. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलमध्ये आत एक छोटी जेपेग दडलेली असते, ती नीट दिसते आणि खालची मूळ फाइल अर्धी असते. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा फोटो पूर्ण मोठा करून बघा.

दोन स्लॉटचा कॅमेरा घेऊन दुसरा स्लॉट 'ओव्हरफ्लो'वर, म्हणजे पहिलं कार्ड भरलं की मगच दुसऱ्यावर, ठेवणारे तर डोक्यावरून पाणी. निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यात तसंच येतं, कुणी मेनू उघडत नाही. तिथे 'बॅकअप' निवडा, सोनीत दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिण्याचा पर्याय आहे. दुसऱ्यावर नुसती जेपेग गेली तरी माझी हरकत नाही.

आता पाण्याचंच निघालंय तर. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णा आमच्या स्टुडिओत आली. तळमजला. मी कॅमेरे, लेन्स, लाइट सगळं माडीवर नेलं आणि हार्ड डिस्क टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिल्या. दोन्ही. एक मूळ, एक बॅकअप, शेजारी शेजारी, एकाच पाण्यात. एक मी घाईने सुकवून चालू करून बघितली, तिथेच ती मेली. भिजलेल्या डिस्कला करंट द्यायचा नसतो. दुसरी पुण्याला रिकव्हरीवाल्याकडे पाठवली, त्याने बरंचसं काढून दिलं आणि बिलही तसंच दिलं.

पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरने सांगितलेला 3-2-1 नियम सगळ्यांना पाठ असतो: तीन कॉपी, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. तो 'एक' सगळे गिळतात. माझी तिसरी डिस्क विट्याला सासुरवाडीत असते. महिन्यातून एकदा बदलून आणतो, जावयाला तेवढंच निमित्त. 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा मी आधी लेन्स उचलल्या, आणि निवांत उचलल्या.

क्लाउडही वापरा, पण आकडेमोड करून. एका लग्नाचा 120 जीबी डेटा, अपलोडचा वेग 40 एमबीपीएस, म्हणजे लाइट न जाता साडेसहा-सात तास. मी निवडलेल्या पूर्ण साइजच्या जेपेगच चढवतो. गूगल फोटोजच्या 'स्टोरेज सेव्हर'वर भरवसा नको, तिथे फोटो दाबून 16 मेगापिक्सेलच्या आत बसवले जातात.

बाकीचं थोडक्यात. रेड (RAID), म्हणजे एकच डेटा जोडीच्या दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणं, हा बॅकअप नाही, एका डिस्कवरून फोल्डर उडवलं की जोडीच्या डिस्कवरूनही उडतं. फोटो एडिट करायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगच्या बॅकअपमध्ये तुमचे फोटो नसतात. एसएसडीवरून डिलीट केलेलं परत मिळेल अशी आशा धरू नका. कॅमेऱ्याचा कार्डाचा दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढू नका. स्वस्तातलं कार्ड आधी पूर्ण भरून बघा, वर 128 लिहिलेलं असतं आणि आत 16 निघतं.

आणि बिलावर लिहा की डेटा किती दिवस सांभाळणार. मी अल्बम दिल्यापासून एक वर्ष लिहितो. तरी पाच वर्षांनी बाळाच्या बारशाचं आमंत्रण द्यायला आलेले लोक जाता जाता विचारतातच, "तेवढा आमचा पेन ड्राइव्ह हरवलाय, तुमच्याकडे असेल ना?"