जुन्या बागा सावरायचं काम शिकायचंय? आधी पाणी शिका

वरूड-मोर्शीकडची पोरं मला नेहमी विचारतात, उद्यानविद्या शिकून नर्सरी नाहीतर खत-औषधांची कंपनी, याशिवाय काय आहे? ऐतिहासिक वास्तूंभोवतीच्या बागा पूर्ववत करण्याचं काम आहे. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून याच वाटेनं आलो आणि आपल्या संत्रापट्ट्यातल्या पोरांनी यात यावं असं मला मनापासून वाटतं.

अभ्यासाला दिल्लीतला हुमायूनचा मकबरा घ्या. सोळाव्या शतकातली ही चारबाग, म्हणजे पाटांनी चार भागांत वाटलेली बाग, इंग्रजी अमलात पार बदलली. हौदांच्या जागी गोल वाफे आले. १९४७ मध्ये तिथे निर्वासितांची छावणी होती. १९९७ ते २००३ या काळात आगा खान ट्रस्टनं पुरातत्त्व सर्वेक्षणासोबत ती पुन्हा उभी केली. जुन्या विहिरींचा गाळ काढला, पावसाचं पाणी मुरवायला १२८ खड्डे केले आणि आंबा, लिंबू, डाळिंब, जास्वंद अशी मुघलांच्या आवडीची झाडं लावली.

नवखा माणूस झाडांची यादी मागतो. खरी कसोटी पाटाची आहे. तिथल्या पाटांना ४० मीटरला फक्त १ सेंटिमीटर उतार आहे! काठाचा नव्हे, तळाचा एक दगड दीड सेंटिमीटर वर बसला, तर ६० मीटरचा उतार त्यानं खाल्ला. पाणी मागेच तुंबणार. म्हणून डम्पी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि गवंड्याचा लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) हातात बसू द्या. पाटात पाणी सोडून कडुनिंबाचं वाळलं पान टाका, ते कुठं रेंगाळतं ते बघा. रात्रीच्या लाइनीत ओलित केलेल्या पोराला ही नजर असतेच.

नोकरीसाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाची उद्यान शाखा आहे, तिचं मुख्यालय आग्र्याला. आर्किटेक्चर केलं असेल तर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वास्तुसंवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं.

सरावाला लांब जायची गरज नाही. अचलपूरचा हौज कटोरा (तलावातली जुनी वास्तू), बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री बघा. पाणी कुठून येत असेल, कुठं जात असेल, याचा कच्चा नकाशा काढा. संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय खुरपंही चालवायचं नाही. फक्त बघा, मोजा, लिहा. एप्रिल-मे मध्ये गेलात तर उत्तम. गवत वाळलेलं असतं आणि जमिनीचे चढउतार लगेच दिसतात.