खोताच्या वाड्यावर भयकादंबरी लिहायची असेल तर सुरुवात कुठून करायची

बड्या घराण्यावरची भयकादंबरी लिहायला घेताय ना, मग भूत सगळ्यात शेवटी ठरवा. आधी हे ठरवा की या घराने कुणाचं काय घेतलं. मी हे उलटं केलं होतं, आधी हडळ, मग विहीर, मग वाडा, आणि दीडशे पानं झाल्यावर लक्षात आलं की ती हडळ याच घरात का आहे याचं उत्तरच माझ्याकडे नाही, शेजारच्या घरात गेली असती तरी चाललं असतं. ती पानं बाजूला ठेवावी लागली.

मी कोकणातलं खोताचं घर धरून सांगते कारण मला ते जवळचं आहे. खोत म्हणजे कागदावर सरकारचा शेतसारा वसूल करणारा, पण गावात त्याचाच शब्द चालायचा, कुळांकडून, म्हणजे त्याच्या जमिनी कसणाऱ्यांकडून, धान्याचा मोठा वाटा घ्यायचा आणि वर वेठही. अलिबागजवळ चरीला १९३३ मध्ये कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्याच बंद केल्या आणि तो संप १९३९ पर्यंत चालला! १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. या तारखा एका कागदावर लिहा आणि शेजारी तुमच्या घराण्याच्या पिढ्या लावा. पणजोबाने सत्ता भोगली, आजोबाने ती जाताना बघितली, वडील त्याबद्दल कधी बोललेच नाहीत आणि नायिका पुण्यात नोकरी करते, तिला काही म्हणजे काहीच माहीत नाही. एवढं झालं की निम्मी कादंबरी उभी राहते.

आता कागद. जुना सातबारा एकदा नीट बघाच. इतर हक्कांच्या रकान्यात कुळांची नावं असतात आणि जे नाव कमी होतं त्याला कंस करतात, म्हणजे नाव पुसत नाहीत, दिसत राहतं, फक्त कंसात. मला तर अमावस्येच्या रात्रीपेक्षा हे जास्त भीतीदायक वाटतं. एकाच फेरफाराने, म्हणजे नोंदीतल्या एकाच बदलाने, एकाच दिवशी सात नावांना कंस झालाय आणि त्यानंतर त्या सात घरांपैकी कुणीही गावात दिसत नाही, एवढं एक वाक्य टाका आणि पुढे जा, समजावत बसू नका. त्याआधीचे कागद मोडी लिपीत असतील, ते नायिकेला वाचता येणार नाहीत, म्हणजे स्वतःच्याच घराचं पाप तिला परक्या माणसाकडून वाचून घ्यावं लागणार. तो मोडी वाचणारा माणूस मध्येच थांबतो आणि म्हणतो पुढचं मी वाचत नाही, हा प्रसंग सोडू नका.

वारशाचा कायदाही वाचा, खरंच वाचा. मिताक्षरेत, म्हणजे वारशाच्या जुन्या हिंदू धर्मशास्त्रात, बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं कर्ज फेडणं हे पुरुष वंशजाचं धर्मकर्तव्य मानलेलं होतं, पण जुगार, दारू, बाई असल्या गोष्टींचं कर्ज त्यातून वगळलेलं. मग तुमच्या गोष्टीत नेमकं तेच वगळलेलं कर्ज वसूल करायला कुणीतरी येऊ द्या. आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्माने वाटा मिळाला आणि त्याच दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरतं, हे फेडायचं धर्मकर्तव्यही काढून टाकलं. म्हणजे नायिकेला जमीन मिळते आणि कायदा म्हणतो पणजोबाचं तू काही देणं लागत नाहीस. गाव तसं म्हणत नाही.

भुताची निवड करताना मात्र जपून. मुंजा हवा असेल तर मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगाच पाहिजे, कुळाच्या पोराची मुंजच व्हायची नाही तर त्याचा मुंजा कुठून होणार? अळवंतीण म्हणजे गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई, तर मग ती बाळंतिणीच्या खोलीतच दिसू द्या, उगाच पिंपळावर नको. एकच घ्या. चार भुतं घातली की वाचक मोजत बसतो, घाबरत नाही.

वाड्याबद्दल जास्त सांगत नाही, माजघरात दुपारीही दिवा लागतो आणि आषाढात कौलांवरच्या पावसापुढे शेजारच्या खोलीतली हाकसुद्धा ऐकू येत नाही, एवढं पुरतं. घराबाहेर मात्र एक प्रसंग हवाच. देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणं, चालू आहे, प्रत्येक वाक्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतोय, आणि या घराचं भलं कर असं म्हटल्यावर कुणीच काही बोलत नाही. बस. तिथे प्रकरण संपवा.

शेवट आधी लिहून ठेवा, आणि तो शक्यतो हक्कसोडपत्राचा, म्हणजे वारशातला आपला वाटा सोडून द्यायच्या कागदाचा, ठेवा. भाऊ म्हणतो ताई सही कर, तुला कुठे इथे राहायचंय. सही केली तर जमीन सुटेल, मागे लागलेलं सुटेल का हे तिला माहीत नाही, आणि आपण सुटलो तर ते भावाच्या लेकीच्या मागे लागेल हे मात्र तिला पक्कं कळलंय. मी यावेळी हेच प्रकरण सगळ्यात आधी लिहिलं, रजिस्ट्रारचं ऑफिस, दुपारचे दोन, वर पंखा फिरतोय, समोर शाईचं पॅड, आणि भाची तिच्या मांडीवर झोपलेली.