लिनक्सला स्वॅप किती द्यायचा?

स्वॅप म्हणजे रॅममधला डेटा बाजूला ठेवायला सहसा डिस्कवर राखलेली जागा. ‘रॅमच्या दुप्पट स्वॅप’ हा सल्ला विसरा. रॅम एमबीत मोजायचे तेव्हाचा तो हिशेब. ३२ जीबीच्या मशीनवर ६४ जीबी स्वॅप म्हणजे एसएसडीची जागा फुकट. ‘रॅम भरपूर आहे, स्वॅप हवाच कशाला?’ म्हणणारेही तितकेच चुकतात. स्वॅप नसला की पडून राहिलेला डेटा बाजूला सारायला कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जागाच नसते. मग फाइल कॅशवर (रॅममध्ये हाताशी ठेवलेल्या फाइलींवर) गदा येते, माउस हलेनासा होतो आणि रॅम संपली की प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नलचा ‘ओओएम किलर’ बहुधा ब्राउझरच मारतो.

पहिला प्रश्न हायबरनेटचा, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद करण्याचा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोलीला जाताना झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकता ना? ते बहुधा सस्पेंड असतं, डेटा रॅममध्येच राहतो, त्याला स्वॅप लागत नाही. पण लाइट गेल्यावर यूपीएस आहे तोवर डेस्कटॉप हायबरनेट करायचा असेल, तर स्वॅप किमान रॅमइतका हवा. रॅमची ही प्रत (इमेज) लहान करून लिहिली जाते हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका.

हायबरनेट नको असेल तर ४ जीबी रॅमला ४, ८ ला ४, आणि १६ किंवा जास्त असेल तर ४ ते ८ जीबी. सुरुवात इथून करा.

लोक अडकतात ते पुढे. ‘फ्री -एच’ (free -h) या मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या कमांडमध्ये स्वॅप ९०० एमबी वापरलेला दिसला की फोन सुरू होतात. अहो, वापरलेला स्वॅप हा आजार नाही! सकाळी उघडून विसरलेला प्रोग्रॅम तिथे निवांत पडलेला असतो. बघायची ती ये-जा. नेहमीचं सगळं काम उघडा, टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) चालवा, दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘एसआय’ (si, स्वॅपमधून रॅममध्ये येणारं) आणि ‘एसओ’ (so, रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे रकाने बघा. अधूनमधून आकडा उसळून पुन्हा शून्य झाला तर ठीक. दोन्हीकडे मोठे आकडे हलतच राहिले, तर रॅम कमी पडतेय. तिथे स्वॅप वाढवून मशीन वेगवान होणार नाही.

नवं पार्टिशन पाडत बसू नका, स्वॅप फाइल करा: ‘डीडी’ने (dd) फाइल, इतरांना ती वाचता येऊ नये म्हणून ‘सीएचमॉड ६००’ (chmod 600), स्वॅप म्हणून तयार करायला ‘एमकेस्वॅप’ (mkswap), चालू करायला ‘स्वॅपऑन’ (swapon), मग मशीन सुरू होताना आपोआप लागावा म्हणून एफएसटॅबमध्ये (/etc/fstab) ओळ. डिस्कची फाइल सिस्टिम बीटीआरएफएस (Btrfs) असेल तर त्याची रीत वेगळी आहे, ही चालवू नका.

रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवता न येणारी, असेल तर झेडरॅम (zram) लावा. तो डेटा दाबून रॅममध्येच ठेवतो. फेडोरा या लिनक्समध्ये ३३ व्या आवृत्तीपासून तो आपोआप येतो. हायबरनेटला मात्र तो चालत नाही, त्यासाठी डिस्कवरचाच स्वॅप लागतो.