चहा उकळेपर्यंत एक कप्पा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सासूबाईंचं आजारपण सुरू झालं आणि माझ्या दिवसाचे तुकडे तुकडे झाले. मधे पाच मिनिटं मिळाली की हात मोबाइलकडे जायचा, डोकं आणखी जड व्हायचं.

मग झेनटँगल सापडलं. अमेरिकेतल्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांनी बसवलेली, कागदावर नक्षी काढायची पद्धत. साडेतीन इंचांचा चौकोनी कागद, काळं पेन. कोपऱ्यांत पेन्सिलीने चार ठिपके, ते जोडून चौकट, आत एक सैल रेघ. तिने पडलेले कप्पे एकेका नक्षीने भरत जायचे. खोडरबर मात्र नाही! मला तेच सर्वांत अवघड गेलं. आता रेघ वाकडी गेली की शेजारी तशीच दुसरी काढते, तिचीच नक्षी होते. आईच्या ठिपक्यांच्या रांगोळीचं वळण हाताला होतंच.

कापलेले कागद ओट्याशेजारी डब्यात ठेवलेत. चहा उकळेपर्यंत एक कप्पा, बस. चित्र आजच पुरं करायचा हट्ट नाही. रेघ सावकाश ओढली की श्वास आपोआप लांबतो, खांदे उतरतात.

काल सासूबाईंनी कागद मागून घेतला. थरथरत्या हाताने दोन कप्पे भरले.