‘पुट’ची शेपटी कशी ओळखावी?

इंग्रजीत ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पंचाईत होते ती त्याला ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अप’ची शेपटी लागली की. पण आपण तरी काय कमी? मार खातो, भाव खातो, समोरच्याचं डोकं खातो. तेव्हा बिचकू नका.

१. नुसत्या शेपट्यांची यादी पाठ करू नका, कर्मासकट वाक्य उचला. ‘पुट ऑन अ शर्ट’ म्हणजे शर्ट घालणं, ‘पुट ऑन वेट’ म्हणजे वजन वाढणं. ‘पुट डाउन’चं तर विचारूच नका. फोन ‘पुट डाउन’ केला तर ठेवला, माणसाला केलं तर त्याचा पाणउतारा केला. आणि ‘वी हॅड टू पुट द डॉग डाउन’ असं कुणी सांगितलं, तर कुत्र्याला कडेवरून खाली ठेवलं असं समजून हसू नका. आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं, असं तो सांगतोय.

२. ‘इट’ घालून बघा. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतं. मीटिंग पुढे ढकलली. पण मीटिंगच्या जागी ‘इट’ आलं की ‘पुट इट ऑफ’च म्हणायचं, ‘पुट ऑफ इट’ चूक. उलट ‘पुट अप विथ’, म्हणजे सहन करणं, यातले तिघं एकमेकांना सोडतच नाहीत: ‘आय कान्ट पुट अप विथ इट’.

शंका आली तर ऑक्सफर्डची ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ डिक्शनरी उघडा. हॉर्नबी नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा हा कोश मुळात १९४२ साली जपानमध्ये निघाला, तोही इंग्रजी परकी असलेल्यांसाठीच. त्यात कर्म आणि शेपटी यांच्यामध्ये दुतोंडी बाण दिसला, की दोघांची अदलाबदल चालते.

३. अख्खे वाक्प्रचार वेगळ्या पानावर लिहा. ‘पुट युअर फुट डाउन’ म्हणजे ठाम नकार देणं, ‘पुट युअर फुट इन इट’ म्हणजे नको ते बोलून बसणं. पाय तोच, फजिती वेगळी.

४. जागा बघून वापरा. मित्राला किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला ‘पुट ऑफ’ बिनधास्त लिहा. औपचारिक नोटिशीत मात्र ‘पोस्टपोन’ शोभतं.