हेरात शैलीचं मिनिएचर काढताय? मग या चुका टाळा

पहिली गडबड होते ती ओळखण्यातच. अफगाण मिनिएचर (हस्तलिखितांतलं बारकाईनं काढलेलं लघुचित्र) दिसलं की आपण लगेच ‘अरे, मुघल वाटतंय’ नाहीतर ‘इराणी असेल’ म्हणून मोकळे होतो. आता युनेस्कोनेही 2020 मध्ये मिनिएचर कला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली ती इराण, तुर्की, अझरबैजान आणि उझबेकिस्तानच्या नावावर, त्यामुळे लोकांचा तरी काय दोष म्हणा. पण पंधराव्या शतकात, तिथला राज्यकर्ता सुलतान हुसेन बायकराच्या काळात, या शैलीचा नावाजलेला चित्रकार बेहजाद काम करत होता ते हेरातमध्ये, आणि हेरात आजच्या अफगाणिस्तानात आहे. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोघं इराणी चित्रकारही हुमायूनला 1549 च्या सुमारास काबूलमध्येच येऊन मिळाले आणि तिथून पुढे मुघल चित्रकला सुरू झाली. म्हणजे मुघल शैली गिरवून तिला हेरात म्हणायचं हे उलटंच झालं.

दुसरी चूक, आणि ही जवळजवळ सगळे करतात, सावली टाकणे. लांबचं लहान, जवळचं मोठं, एका बाजूने उजेड, हे शाळेत ड्रॉइंगच्या तासाला शिकलेलं सगळं इथे बाजूला ठेवा. फारसी कवी सादीच्या ‘बोस्तान’ या काव्याच्या 1488 च्या हस्तलिखितात बेहजादचं युसूफ-झुलेखाचं, म्हणजे झुलेखाच्या महालातून युसूफ पळतो त्या गोष्टीचं, पान आहे (ते सध्या कैरोत असतं), ते झूम करून नीट बघा. एकावर एक खोल्या, नागमोडी जिने, सगळे दरवाजे बंद, आणि नजर त्या दारांवरून फिरत फिरत शेवटी वर पळणाऱ्या युसूफपाशी पोचते. गंमत म्हणजे हा कुलूपबंद महाल सादीच्या गोष्टीत नाहीच, तो कवी जामीच्या काव्यातून आलाय, आणि जामी राहायचा हेरातमध्येच. सावल्या टाकल्या की अशा पानाचा सपाटपणा मोडतो आणि मग नजरेला वाटच मिळत नाही.

आता हाताच्या चुका. कागद न घोटता (म्हणजे दगडाने घासून गुळगुळीत न करता) रंग लावला की रेघ फुटते, मग कितीही बारीक ब्रश आणा. चित्र पालथं घालून मागून अकीकच्या दगडाने घोटा, थराथरांच्या मध्येही घोटा, कंटाळा येतो पण पर्याय नाही. रंग वाळल्यावर बोटाला पावडर लागत असेल तर डिंक कमी पडलाय, आणि चकाकी येऊन तडे जात असतील तर जास्त झालाय, म्हणून आधी त्याच कागदाच्या कपट्यावर लावून बघायचं, थेट चित्रावर नाही!

निळ्याचं दुखणं वेगळंच आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या सर-ए-संग खाणीतला लाजवर्द (निळा दगड) नुसता कुटून खलला तर राखाडी रंग येतो आणि लोक म्हणतात दुकानदाराने फसवलं. बहुतेक वेळा तसं नसतं, दगडातली बाकीची खनिजं त्यात राहिलेली असतात. पूड राळ-मेणाच्या गोळ्यात मळून सौम्य क्षारात धुतली की शुद्ध निळा सुटतो. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ तयार अल्ट्रामरीन घ्या, सरावाला चालतो. जंगाल मात्र जपून, तांब्याचा तो हिरवा कालांतराने कागदच खातो, जुने कारागीर त्यात केशर घालायचे ते याचसाठी.

चेहरे सगळे एकसारखे येतायत म्हणून रडू नका, बाबरने आत्मचरित्रात खुद्द बेहजादला नावं ठेवलीयत, दाढीवाले छान काढतो पण बिनदाढीच्यांची हनुवटी बिघडवतो म्हणून.

शेवटची चूक सगळ्यात महागात पडू शकते, तीही आपल्याला नाही, समोरच्याला. 2006 मध्ये सुरू झालेल्या टर्क्वॉइज माउंटन संस्थेने काबूलमध्ये मिनिएचर आणि सुलेखन शिकवलं, त्यातून नवीन हात तयार झाले. पण ऑगस्ट 2024 च्या तालिबानी कायद्याने सजीवांची चित्रं प्रकाशित करण्यावर बंदी आलीय. त्यामुळे तिथल्या कुणाचं माणसं असलेलं चित्र आवडलं म्हणून लगेच नाव, शहर टॅग करून शेअर करू नका. आधी त्यांना मेसेज करून विचारा, आणि उत्तर आलं नाही तर पोस्ट करूच नका.